कर्णा, गिटार आणि काचेची नळी

१९३६ साली अमेरिकेतील आरसीए कंपनीने ६एल६ नावाचा एक नवा व्हॉल्व्ह बाजारात आणला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात खानदेशातल्या फैजपूर गावी काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन. या दोन घटनांचा एकमेकींशी थेट संबंध नाही. तरीही या लेखापुरत्या त्या शेजारी ठेवायला हव्यात. राजकारण शहरातल्या सभागृहातून उघड्या माळावर आले, तेव्हा एका माणसाचा आवाज हजारोंच्या कानांपर्यंत न्यायचा कसा, हा प्रश्न रोजचा झाला. त्या प्रश्नाचे उत्तर काचेच्या नळीत होते. दहा वर्षांनी कॅलिफोर्नियात लिओ फेंडर या रेडिओ दुरुस्त करणाऱ्या माणसाने हीच ६एल६ नळी वापरून गिटारसाठी ॲम्प्लिफायर बनवायला सुरुवात केली, आणि तिला दुसरेच आयुष्य मिळाले.

आज वाशीम, कारंजा किंवा रिसोडच्या एखाद्या तरुण वादकाला इलेक्ट्रिक गिटारसाठी नवा व्हॉल्व्ह ॲम्प घ्यायचा असेल, तर त्याच्यापुढे येणारी सगळी माहिती या दुसऱ्या आयुष्याची असते. फेंडर, व्हॉक्स, मार्शल. कॅलिफोर्निया आणि लंडन. ती माहिती खरी आहे. पण ती वाचताना असा समज होतो की वऱ्हाडात ही वस्तू आज पहिल्यांदाच येते आहे. वस्तुस्थिती वेगळी आहे. व्हॉल्व्हची मशीन आपल्याकडे गिटारच्या कितीतरी आधी आली, गावोगाव फिरली, यात्रा-सभा-लग्ने गाजवून भंगारात गेली. त्या पहिल्या आयुष्याने आपल्या कानांना काही सवयी लावल्या. नवा ॲम्प निवडताना त्या सवयी समजून घ्याव्या लागतात, नाहीतर विकत घेतलेली वस्तू बिघडलेली आहे असेच वाटेल.

नळीच्या आत

व्हॉल्व्हची कल्पना साधी आहे. निर्वात काचनळीत धातूचा एक भाग तापवला की त्यातून इलेक्ट्रॉन सुटतात आणि समोरच्या धन विद्युतभाराच्या पट्टीकडे धावतात. इंग्लंडमध्ये जॉन अँब्रोझ फ्लेमिंग यांनी १९०४ साली अशी दोन टोकांची नळी केली. त्यानंतर दोन-तीन वर्षांत अमेरिकेत ली डी फॉरेस्ट यांनी त्या दोन टोकांच्या मध्ये एक बारीक जाळी बसवली. जाळीवर अगदी क्षीण विद्युतदाब बदलला तरी धावणाऱ्या इलेक्ट्रॉनांचा मोठा प्रवाह त्याबरहुकूम कमीजास्त होतो. कालव्याच्या दाराला लहानसा हात लावून मोठे पाणी अडवावे-सोडावे, तसे हे आहे. क्षीण आवाजाचे मोठ्या आवाजात रूपांतर करण्याचे सारे शास्त्र या जाळीपासून सुरू झाले.

मात्र प्रत्येक दाराला मर्यादा असते. ते पूर्ण उघडल्यावर अधिक उघडत नाही. जाळीवर येणारा संकेत फार मोठा झाला की बाहेर पडणारी लहर माथ्याशी चपटी होते. मूळ सुरात नसलेले वरचे स्वर त्यात मिसळतात. यालाच ध्वनीची विकृती म्हणतात. ट्रान्झिस्टरमध्ये ही लहर बहुधा कात्रीने कापल्यासारखी एकदम तुटते. व्हॉल्व्हच्या मशीनमध्ये, विशेषतः नळी आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर दोघेही आपल्या मर्यादेजवळ आले असताना, ती हळूहळू दबत जाते. कानाला हा फरक लगेच कळतो. मर्यादेजवळ वाजणारी तार हलके छेडली तर स्वच्छ येते आणि जोरात छेडली तर भरडी होते. बोटांचा जोर आणि नळीची मर्यादा यांचे हे नाते हाच गिटारच्या व्हॉल्व्ह ॲम्पचा प्राण.

हीच गोष्ट भाषणाला मारक ठरते. मराठीत तर शब्दाचा अर्थ एका व्यंजनावर फिरतो. ‘स’ आणि ‘श’, ‘त’ आणि ‘थ’ यांतला भेद वरच्या कंपनांत असतो, आणि विकृती नेमकी तिथेच घोटाळा घालते. म्हणून सभेसाठी मशीन बनवणाऱ्याचे आणि गिटारसाठी मशीन बनवणाऱ्याचे उद्दिष्ट पुढे परस्परविरुद्ध झाले. नळी तीच राहिली.

सभेचे मशीन

आपल्याकडच्या ध्वनिक्षेपकाच्या इतिहासात पहिले मोठे नाव शिकागो रेडिओचे. नाव अमेरिकेतल्या शहराचे, घराणे सिंधी आणि पेढी मुंबईची. ग्यानचंद मोटवाने यांनी सिंधमधल्या सक्करला १९०९ साली सुरू केलेला व्यवसाय पुढे मुंबईत स्थिरावला. त्यांचे पुत्र नानिक मोटवाने यांनी १९३०च्या दशकात काँग्रेसच्या अधिवेशनांना ध्वनिक्षेपक पुरवण्याचे काम अंगावर घेतले. गांधी-नेहरूंच्या सभांच्या जुन्या छायाचित्रांत मायक्रोफोनवर ‘शिकागो रेडिओ’ची पाटी दिसते, ती त्यांचीच. १९४२च्या गुप्त काँग्रेस रेडिओच्या खटल्यात उषा मेहतांबरोबर नानिक मोटवाने यांनाही आरोपी करण्यात आले होते. पुढे ते निर्दोष सुटले. ध्वनिक्षेपकाचा व्यापारी सरकारच्या नजरेत संशयित ठरावा, यावरून त्या यंत्राचे वजन लक्षात येते. १९४० साली दिल्लीत अहुजा रेडिओज ही कंपनी सुरू झाली, आणि पुढच्या काही दशकांत ‘अहुजा’ हा शब्द आपल्या गावांत मशीनचा पर्यायच बनला.

वऱ्हाडच्या संदर्भात या यंत्राकडे पाहताना एक गोष्ट विसरता येत नाही. ते आले तेव्हा बहुसंख्य गावांत वीज नव्हती. वाकाटकांचे वत्सगुल्म म्हणून इतिहासात ठाऊक असलेले वाशीम इंग्रजी अमदानीत काही काळ स्वतंत्र जिल्हा होते, १९०५ मध्ये ते अकोल्यात विलीन झाले आणि १ जुलै १९९८ रोजी पुन्हा वेगळा जिल्हा झाला. मधल्या त्र्याण्णव वर्षांत हा भाग जिल्ह्याच्या ठिकाणापासून दूरचा, कोरडवाहू आणि कापूस-ज्वारीवर जगणारा मुलूख होता. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ १९६० साली स्थापन झाले आणि खेड्यांचे विद्युतीकरण त्यानंतरच्या दशकांत होत गेले. तोवर पोहरादेवीची रामनवमीची यात्रा असो, डव्ह्याची नाथनंगे महाराजांची यात्रा असो, की एखाद्या गावचा सप्ताह, माईक लावायचा तर बॅटरी सोबत न्यावी लागे.

बॅटरीवर व्हॉल्व्ह चालवणे ही कसरत होती. नळीला आत दोन वेगवेगळ्या गोष्टी लागतात. एक म्हणजे तापण्यासाठी सुमारे सहा व्होल्टचा दाब आणि दुसरी म्हणजे काम करण्यासाठी तीन-चारशे व्होल्टचा दाब. पहिली गरज बॅटरी थेट भागवी. दुसरीसाठी मशीनमध्ये ‘व्हायब्रेटर’ नावाचा गुणगुणणारा डबा असे. तो बॅटरीचा प्रवाह सेकंदाला शंभर-सव्वाशे वेळा उलटसुलट करून ट्रान्सफॉर्मरला देई. खर्च मोठा होता. दोन ईएल३४ आणि तीन ईसीसी८३ नळ्यांचे मशीन घेतले, तर केवळ नळ्या तापवायलाच जवळजवळ पंचवीस वॅट लागतात. सहा व्होल्टच्या बॅटरीतून तो चार अँपिअरचा उपसा झाला. कोणी एक शब्द बोलण्याआधीचा हा खर्च.

म्हणून थोड्या शक्तीत जास्तीत जास्त दूर जाणे हा या धंद्याचा पहिला नियम बनला. लोखंडी कर्णा त्यासाठीच होता. तेवढ्याच वॅटमध्ये तो कागदी शंकूच्या स्पीकरच्या कित्येक पट आवाज फेकतो. जाड आणि अगदी बारीक दोन्ही सूर तो गाळतो, मधला पट्टा ठळक करतो, आणि माणसाची बोली त्याच मधल्या पट्ट्यात असते. दुसरी युक्ती तारेची. शंभर वॅट आठ ओहमच्या स्पीकरला थेट पाठवायचे तर तारेतून साडेतीन अँपिअर वाहतात. तेच शंभर व्होल्टच्या लाईनवर पाठवले तर एकच अँपिअर. तारेतला तोटा प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे तो बारा पटींनी घटतो. झाडाझाडाला बांधलेले कर्णे, त्यांच्या पाठीवरचे लहान ट्रान्सफॉर्मर आणि गावाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओढलेली बारीक वायर यामागे हा हिशेब होता.

गाडगेबाबांचे १९५६ मधले मुंबईतले शेवटचे कीर्तन ध्वनिमुद्रित स्वरूपात उपलब्ध आहे. ते ऐकताना लक्षात येते की बाबांचे कीर्तन म्हणजे श्रोत्यांशी चाललेली प्रश्नोत्तरे आहेत. प्रश्न शेवटच्या रांगेत कळला नाही तर उत्तर येत नाही, आणि उत्तर आले नाही तर कीर्तन थांबते. तुकडोजी महाराजांची खंजिरीवरची भजने, वामनदादा कर्डकांसारख्या कवी-गायकांची भीमगीते, निवडणुकीच्या सभा, सगळ्यांची मागणी एकच होती: शब्द कळला पाहिजे. या मागणीने दोन-तीन पिढ्यांच्या माईकवाल्यांचा कान घडवला. आवाज ‘फाटला’ की त्याचा हात बटणाकडे जाई. फाटलेला आवाज म्हणजे मशीनचा दोष, नाहीतर माईकवाल्याचे अडाणीपण.

गिटारचे वेगळे घर

अमेरिकेत त्याच काळात दुसरी गोष्ट घडत होती. गिटार हे मुळात हळू आवाजाचे वाद्य. नाचाच्या मोठ्या बँडमध्ये ते ऐकूच येत नसे. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला रिकनबॅकर कंपनीने तारांखाली लोहचुंबक आणि वेटोळे बसवून इलेक्ट्रिक गिटार विकायला काढली आणि तिच्यासोबत छोटा ॲम्पही दिला. इथे एक महत्त्वाचा फरक पडला. मशीन वादकाचे झाले. ते त्याच्या खुर्चीशेजारी असे, त्याची बटणे त्याच्या हातात असत, रात्री तो ते घरी नेई. लिओ फेंडरने १९४६ नंतर बनवलेले ॲम्प या वापरासाठी होते. त्यांचा स्पीकर कागदी शंकूचा, पेटी लाकडाची आणि वजन एका माणसाला उचलता येईल इतके.

मालकाच्या हातात असलेल्या यंत्रावर प्रयोग होतात. ढोलकऱ्याच्या वर आवाज काढण्यासाठी वादक बटण पुढे सरकवत गेले, मशीन मर्यादेपलीकडे गेले आणि त्यातून निघालेला भरडा आवाज काहींना आवडला. १९५८ साली लिंक रे यांनी ‘रंबल’च्या वेळी स्पीकरच्या कागदाला पेन्सिलीने भोके पाडली. १९६४ साली किंक्स बँडच्या डेव्ह डेव्हिसने तो कागद ब्लेडने कापला. दोष मुद्दाम घडवून आणण्यापर्यंत मजल गेली.

लंडनमधली कहाणी आपल्याला अधिक जवळची वाटावी अशी आहे. जिम मार्शल हे मूळचे ढोलवादक. हॅनवेल भागात त्यांचे वाद्यांचे दुकान होते. गिऱ्हाइकांना अमेरिकन फेंडर हवा असे, पण आयात माल महाग पडे. तेव्हा १९६२च्या सुमारास मार्शल आणि त्यांच्या दुकानातल्या तंत्रज्ञांनी फेंडरच्या ‘बासमन’ या ॲम्पची रचना समोर ठेवून इंग्लंडमध्ये मिळणाऱ्या सुट्या भागांतून आपला ॲम्प उभा केला. तोच जेटीएम४५. पुढे त्यात ब्रिटिश केटी६६ आणि मग ईएल३४ नळ्या आल्या. नळ्या, ट्रान्सफॉर्मर, स्पीकर सारे बदलल्यामुळे नक्कल मुळाहून वेगळी निघाली आणि तिचा आवाज हीच तिची ओळख ठरली. व्हॉक्स कंपनीने त्याआधीच लहान ईएल८४ नळ्या वापरून एसी१५ आणि एसी३० हे ॲम्प केले होते. आज नवा ॲम्प घेताना ज्या तीन ‘घराण्यां’ची नावे घेतली जातात, त्यांच्यातला फरक बराचसा असा नळ्यांचा, ट्रान्सफॉर्मरचा आणि स्थानिक बाजारात काय मिळत होते याचा आहे.

मुंबईतले वादक

इलेक्ट्रिक गिटार आपल्या कानावर आली ती मुख्यतः मुंबईहून, तबकडी आणि चित्रपट यांच्या वाटेने. व्हॅन शिप्ले यांनी हवाईयन पद्धतीच्या इलेक्ट्रिक गिटारवर वाजवलेल्या हिंदी गाण्यांच्या धून लोकप्रिय झाल्या. त्या वाद्यात पोलादी कांडी तारांवरून सरकत असल्याने मींड सहज निघे आणि गाण्याची चाल जशीच्या तशी उतरे. तिथेही स्वच्छ, लांब टिकणारा सूर हाच आदर्श होता. १९६५च्या ‘गुमनाम’मध्ये टेड लायन्स आणि त्यांचा बँड पडद्यावर गिटारी घेऊन दिसला. १९७१च्या ‘दम मारो दम’ मध्ये भूपिंदर सिंग यांच्या गिटारने हा आवाज गल्लीबोळात नेला. गावातल्या टॉकीजमध्ये किंवा यात्रेतल्या तंबू टॉकीजमध्ये तो ऐकणाऱ्याच्या कानापर्यंत पोचला, तोही बहुधा व्हॉल्व्हच्याच ॲम्प्लिफायरमधून.

याच काळात मुंबई, बंगळूर, कलकत्ता अशा शहरांत इंग्रजी गाणी वाजवणारे बँड उभे राहिले. सिमला बीट स्पर्धेतल्या बँडच्या १९७० आणि १९७१च्या तबकड्या त्या काळाचा पुरावा आहेत. आयात परवान्यांच्या त्या राज्यात परदेशी ॲम्प मिळवणे बहुतेकांच्या आवाक्याबाहेर होते. ओळखीच्या रेडिओ मेकॅनिककडून जुळवून घेतलेले किंवा सभेसाठी बनलेले मशीन हाच मार्ग असे. १९७२ साली लेड झेपेलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लँट मुंबईत आले, तेव्हा त्यांनी कुलाब्यातल्या स्लिप डिस्क क्लबमध्ये तिथल्या वादकांच्याच साधनांवर वाजवले.

सभेच्या मशीनला गिटार जोडण्यात तांत्रिक अडचण फारशी नव्हती. त्या मशीनवर माईकच्या भोकांशेजारी ग्रामोफोनसाठी एक वेगळे भोक असे. तबकडीच्या क्रिस्टल पिकअपसाठी केलेली ती जागा गिटारच्या पिकअपलाही बरीचशी मानवे. अडचण पुढच्या टोकाला होती. कर्णा गिटारचा जाड सूर खाऊन टाकी आणि कर्कश भाग पुढे आणी. शिवाय अनेकदा गिटार आणि गायकाचा माईक एकाच मशीनमध्ये असत. गिटारसाठी मशीन मर्यादेपलीकडे नेले तर गायकाचे शब्दही फाटत. म्हणजे गिटारवाल्याला आपला आवाज शोधायची मुभाच नव्हती.

इथे मार्शल का झाला नाही?

लंडनच्या हॅनवेलमध्ये जे घडले त्याला लागणारे जवळजवळ सारे साहित्य आपल्याकडे होते. आयात महाग होती. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ साली व्हॉल्व्हचे उत्पादन सुरू केले होते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग मिळत. ट्रान्सफॉर्मर गुंडाळणारे कारागीर, रेडिओ जुळवणारे मेकॅनिक, लाकडी पेट्या करणारे सुतार लहान शहरांतही होते. मंडप आणि लाऊडस्पीकरचा धंदा करणारा माणूस तर तालुक्याच्या प्रत्येक गावी होता. असे असूनही गिटारचा म्हणावा असा, सर्वांच्या तोंडी नाव असलेला भारतीय व्हॉल्व्ह ॲम्प तयार झाला नाही.

परवाने, जकात, गरिबी ही कारणे सांगितली जातात आणि ती खोटी नाहीत. पण मला त्याहून मोठे कारण गिऱ्हाइकाचे वाटते. लंडनच्या दुकानात येणारा गिऱ्हाईक वादक होता. आपल्याकडे मशीनचा गिऱ्हाईक मंडपवाला होता. मशीन त्याचे, बॅटरी त्याची, बटण त्याच्या हातात. वादक, शाहीर, कीर्तनकार, पुढारी हे सारे त्याच्या माईकपुढे काही वेळ उभे राहणारे पाहुणे. मंडपवाल्याला मशीन असे हवे की ज्यावर सकाळी सत्यनारायण, दुपारी लग्न आणि रात्री सभा पार पडेल. एकाच वाद्याच्या एकाच मनःस्थितीसाठी बनवलेली वस्तू त्याने का घ्यावी? आणि वादकाकडे स्वतःचे मशीन घेण्याइतका पैसा त्याच्या वाजवण्यातून येत नव्हता. मशीनचा मालक कोण, या एका गोष्टीने एकाच नळीचे दोन इतिहास घडवले.

यात मंडपवाल्याला कमी लेखण्याचे कारण नाही. त्याच्या स्वच्छ आवाजाच्या हट्टामुळे शेवटच्या रांगेतल्या बाईला भाषण कळले. ज्या समाजात शतकानुशतके काही जणांनाच बोलण्याचा अधिकार होता, तिथे भीमगीताचा प्रत्येक शब्द वस्तीच्या टोकापर्यंत स्पष्ट जाणे ही लहान गोष्ट नव्हती. पण त्याची किंमत वादकांनी मोजली. बँडमधला बेंजोवाला असो की ऑर्केस्ट्रातला गिटारवाला, त्याच्या वाद्याचा अंतिम आवाज ठरवणारा दुसराच कोणी असे. कार्यक्रमाआधी ‘जरा आवाज वाढवा’ एवढेच तो म्हणू शके.

१९४७च्या डिसेंबरात अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टरचा शोध लागला होता. त्यावर चालणारी मशीन १९७०च्या पुढे आपल्या बाजारात रुळली आणि मंडपवाल्याने सुटकेचा श्वास टाकला. तापवायला पंचवीस वॅट नकोत, काच फुटण्याची भीती नको, बॅटरी रात्रभर पुरते. त्याच्या दृष्टीने हा निर्णय शंभर टक्के बरोबर होता. जुनी मशीन माळ्यावर आणि मग भंगारात गेली. ज्या नळ्यांसाठी पाश्चात्य वादक हळहळत होते, त्या आपल्याकडे किलोच्या भावाने गेल्या, कारण त्यांच्यात गुंतलेला जीव वादकाचा नव्हता.

आज निवड करताना

आता परिस्थिती बदलली आहे. १९९८ साली लाईन ६ कंपनीच्या ‘पॉड’ या पेटीने जुन्या व्हॉल्व्ह ॲम्पच्या आवाजाची संगणकीय नक्कल बाजारात आणली. आज तसे प्रोसेसर तालुक्याच्या वादकाकडेही असतात. त्यातून बासमन, एसी३० आणि मार्शल बोटाच्या इशाऱ्यावर निघतात, आणि साऊंडवाल्याच्या मिक्सरला थेट जोडता येतात. लग्नाच्या हंगामात रोज वेगळ्या गावी वाजवणाऱ्याला तेच सोयीचे. मग व्हॉल्व्हचा ॲम्प कशाला? ज्याला आपल्या वाद्याचा आवाज आपल्या शेजारी, आपल्या हाताखाली घडताना हवा आहे, त्याच्यासाठी. वरच्या इतिहासाच्या उजेडात त्याने चार गोष्टी तपासाव्यात.

पहिली गोष्ट वॅटची. सभेच्या मशीनने आपल्याला मोठा आकडा म्हणजे चांगले मशीन असे शिकवले आहे. गिटारच्या बाबतीत हे उलटे पडते. कानाला आवाज दुप्पट वाटण्यासाठी शक्ती दहापट लागते; पन्नास आणि शंभर वॅटमध्ये फरक अवघा तीन डेसिबलचा. व्हॉल्व्हचा खरा स्वभाव तो मर्यादेजवळ गेल्यावरच दिसतो. शंभर वॅटचा ॲम्प घरात कधीच तिथवर जाणार नाही. पंधरा वॅटचाही पूर्ण उघडला तर एका मीटरवर शंभर डेसिबल सहज ओलांडतो. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. घरासाठी पाच वॅट आणि मंचासाठी पंधरा-वीस वॅट पुरे. मैदान भरायचे काम साऊंडवाल्याच्या मशीनचे. आपल्या ॲम्पच्या स्पीकरपुढे त्याचा माईक लावावा. दोन्ही इतिहास इथे एकत्र येऊन आपापले काम करतात.

दुसरी गोष्ट विजेची. नळीचा तापवण्याचा दाब ६.३ व्होल्ट आणि तो साधारण दहा टक्क्यांच्या आत राहावा अशी अपेक्षा असते. २३० व्होल्टसाठी बनवलेल्या ॲम्पला १९० व्होल्ट मिळाले तर हा दाब ५.२ वर येतो, आणि २६० मिळाले तर ७.१ वर जातो. पहिल्यात आवाज मरगळतो, दुसऱ्यात नळीचे आयुष्य घटते. रब्बीच्या हंगामात शेतीपंप एकदम सुरू झाल्यावर गावातला दाब कसा खाली-वर होतो हे इथल्या माणसाला सांगायला नको. म्हणून ॲम्पच्या किमतीत चांगल्या स्टॅबिलायझरची किंमत धरूनच हिशेब करावा. परदेशातून कोणी ११० व्होल्टचा ॲम्प आणून देत असेल, तर मागे दाब बदलण्याची सोय आहे का हे आधी पाहावे.

तिसरी गोष्ट दुरुस्तीची. नळ्या झिजतात, त्या बदलाव्याच लागतात. आज जगात त्या मुख्यतः स्लोव्हाकिया, रशिया आणि चीनमध्ये बनतात. २०२२ साली रशियाची निर्यात अडली तेव्हा जगभरच्या वादकांना टंचाई जाणवली. म्हणून ईसीसी८३, ईएल८४, ईएल३४, ६एल६ अशा सर्वत्र चालणाऱ्या नळ्यांचाच ॲम्प घ्यावा. दुर्मीळ नळीच्या मोहात पडू नये. वाशीममध्ये मोटार वाइंडिंगची दुकाने आहेत, पण आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये तारेचे थर एकमेकांत गुंफलेले असतात. पंपाची मोटार भरणाऱ्याला ते काम समजावून द्यावे लागेल. आणि एक सावधगिरी: ॲम्प बंद करून वायर काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये चारशे व्होल्ट साठलेले राहू शकतात. जुन्या रेडिओ मेकॅनिकांना हे अंगवळणी पडले होते. नव्या पिढीच्या मोबाईल दुरुस्त करणाऱ्याला ते ठाऊक असेलच असे नाही.

चौथी गोष्ट ऐकण्याची. प्रोसेसर कानाला लावून निवडता येतो. ॲम्प खोलीत उभे राहून निवडावा लागतो. अकोला, नागपूर किंवा मुंबईला जाऊन, स्वतःची गिटार सोबत नेऊन, तो निम्म्यावर ठेवून हलका आणि जोराचा हात दोन्ही वाजवून पाहावा. हाताबरोबर आवाज बदलतो का, एवढेच पाहायचे. दुकानदार तेवढे वाजवू देत नसेल तर दुसरे दुकान गाठावे.

या ॲम्पमधून पहिल्यांदा भरडा सूर निघेल तेव्हा घरातली वडीलधारी मंडळी म्हणतील, मशीन फाटतेय. त्यांचे म्हणणे चुकीचे नाही. त्यांचा कान सभेच्या मशीनने घडवला आहे, आणि त्या कानाने या जिल्ह्यात अनेकांचे शब्द नीट ऐकले आहेत. त्यांना बटण थोडे मागे घेऊन स्वच्छ सूर ऐकवावा, मग हात जोराने टाकून भरडा ऐकवावा. नळी तीच आहे हे त्यांना लगेच कळेल. फरक इतकाच की आता बटण मंडपवाल्याकडे नाही, वादकाकडे आहे. आवाज कुठे फाटावा आणि कुठे फाटू नये हे ठरवण्याची जबाबदारीही त्याच्याकडेच आली आहे.